गेम खेळून पृथ्वी वाचते का? तुम्ही विचारलंत म्हणून

रविवारी दुपारी हेडफोन लावून बसलेली दिसले की आत्या हमखास विचारते, "तुझ्या त्या गेममध्ये हवामान बदल असतो म्हणे. त्यानं काही फरक पडतो का गं?" ऑफिसातलेही विचारतात, फक्त जरा हसून.

पृथ्वी काही वाचत नाही. उलट खेळताना माझा पीसी साधारण 400 वॅट खेचतो. चार तास बसले की दीड युनिटच्या वर वीज गेली, आणि आमच्या विदर्भात वीज म्हटलं की कोळसाच आठवतो. एकट्या चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं आहे.

पण मी कशी आहे, ते मात्र कळलं. 'सिव्हिलायझेशन 6' या, आपला देश उभा करून शेजारी देशांशी चढाओढ करायच्या गेमला 2019 साली 'गॅदरिंग स्टॉर्म' ही पुरवणी आली. तोवर या गेममध्ये धुराचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. आता कोळशावर वीज केंद्र चालवा, युद्धनौका हाका, कार्बन साठत जातो आणि कुठल्या देशाचा किती, ते पडद्यावर दिसतं. बर्फ वितळतो, समुद्र चढतो. सखल किनाऱ्यावरचे षटकोन, म्हणजे नकाशावरचे जमिनीचे तुकडे, आधी पाण्याखाली येतात, मग कायमचे बुडतात.

हे सगळं माहीत असून पहिल्या डावात मी कोळसाच लावला. कारखाने जोरात, शेजारी मागे पडलेला, "अजून फक्त एक टर्न" म्हणत रात्रीचे दोन वाजलेले. पूररोधक भिंत बांधता येते, पण समुद्र जितका चढेल तितकी ती महाग होत जाते. मी आधी तोफा घेतल्या. भिंतीकडे वळले तेव्हा बंदराशेजारची दोन शेतं गेली होती. चिडले ती गेमवर.

दुसऱ्या डावात शहाणपणा केला. धरणाची वीज, पुढे पवनचक्क्या, कोळसा जमिनीतच. हिशेबात माझा आकडा जवळजवळ शून्य. शेजाऱ्यानं मात्र कोळशावर आरमार उभं केलं, आणि पाणी आलं ते माझ्याच किनाऱ्यावर. धूर त्याचा, बुडालं माझं. त्या क्षणी जे पोटात तुटलं, ते कुठल्याही आलेखानं तुटलं नव्हतं.

2023 मध्ये आलेला 'टेरा निल'ही खेळले. त्यात उजाड जमीन हिरवी करायची आणि शेवटी आपली यंत्रंसुद्धा उचलून निघून जायचं. देखणा गेम आहे. पण तिथे मोहच नाही, कोळशाचा ढीग समोर ठेवून कुणी "लाव की" म्हणत नाही. त्यामुळे माझी परीक्षाही होत नाही.

आत्याला मी दुसऱ्या डावापर्यंतचंच सांगितलंय. तिसऱ्या डावापासून मी शहरं समुद्रापासून लांब, उंचावर वसवते, आणि कोळसा पुन्हा लावते.