अंबाजोगाईतच विकली गेली माझी चित्रं

आमच्या गावात चित्रं विकत घेणार कोण, हा प्रश्न मला कित्येक वर्षं विचारला गेला. पुण्या-मुंबईला गॅलरीचं भाडं भरून प्रदर्शन लाव, असा सल्लाही सोबत असायचाच. गेल्या मार्गशीर्षात मी घरातला स्टुडिओच शनिवार-रविवार सगळ्यांसाठी उघडा ठेवला. मराठवाड्यातल्या लहान गावांत एकट्यानं काम करणाऱ्या चित्रकारांसाठी हे सविस्तर लिहितेय.

मार्गशीर्ष ठरवून निवडला. योगेश्वरीचा उत्सव तेव्हाच असतो, आणि ज्यांची ती कुलदेवता आहे अशी कोकणातली, पुण्याकडची कुटुंबं दर्शनाला येतात. गावातल्या लोकांसाठी मात्र संध्याकाळची वेळ राखून ठेवली. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, सिस्टर ड्युटी संपल्याशिवाय येणार नाहीत, हे उघड होतं.

सगळ्यात जास्त डोकं चाललं ते दरावर. जलरंगाला चौरस इंचामागे १५ रुपये धरले, फ्रेमचे वेगळे. म्हणजे १२ × १६ इंचाचं चित्र २,८८० रुपयांना. आकारावर दर ठेवला की माझ्या आवडीनिवडीवर किंमत हलत नाही आणि कुणी विचारलं तर हिशेब मांडून दाखवता येतो. हा आकडा प्रत्येक चित्राखाली ठळक लिहिला. असं बरं दिसत नाही, दुकानासारखं वाटतं, असं जवळच्यांचं म्हणणं होतं. मला ते अजिबात पटलं नाही. आपल्याकडची भिडस्त माणसं किंमत विचारतच नाहीत, कारण विचारून न घेता निघायचं त्यांना अवघड वाटतं. आकडा समोर दिसला की ती निवांत बघतात, घरच्यांशी बोलतात, बाहेर चक्कर मारून परतही येतात. माझी निम्मीअधिक विक्री अशा परत आलेल्यांनी केली.

भिंतीइतकीच गर्दी अर्धवट कामांच्या टेबलाभोवती झाली. तिथं हत्तीखाना या इथल्या लेण्यातल्या दगडी हत्तींची कच्ची रेखाटनं होती, बालाघाटच्या डोंगराचा ताणून ठेवलेला कॅनव्हास होता. जलरंगात रंगाची पूड धरून ठेवायला बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो, हे सांगितल्यावर शेतकरी मंडळींचे चेहरे एकदम खुलले. एका काकांनी कॅनव्हासला हात लावून विचारलं, "बाई, हे कापडच की?" मी हो म्हटलं. "मग दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरण लिहिलं, त्यातलंच झालं हे." दासोपंत आमच्याच गावचे संतकवी; पंचीकरण हा ग्रंथ त्यांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर लिहिला. सोळाव्या शतकापासून ज्या गावाला कापडावरचं असं काम माहीत आहे, तिथं लोकांना कॅनव्हास परका वाटेल अशी मला धास्ती होती! पुढं प्रत्येकाला मी पासोडीपासूनच सांगायला सुरुवात केली.

घासाघीस झाली. "ताई, काही कमी करा की," हे सारखं कानावर येत होतं. दर कमी केला नाही. एका सिस्टरना हप्ते पाडून दिले. ज्यांना मोठं परवडणार नव्हतं त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी मूळ चित्रं दाराजवळच मांडली होती. ती सगळ्यात आधी संपली.

प्रत्येक चित्रासोबत पावती दिली : चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल, सही. एका दुकानदारांना घेतलेलं चित्र कॅलेंडरवर छापायचं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं तरी ते छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही, हे त्यांना समजावलं आणि लेखी परवानगीचे वेगळे पैसे ठरवले. त्यांनी ते आनंदानं दिले.

बालाघाटचा दुसरा, पूर्ण झालेला मोठा कॅनव्हास रत्नागिरीच्या एका कुटुंबानं घेतला. त्यांना परळीहून रेल्वे गाठायची होती, म्हणून तो चौकटीवरून सोडवला, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळला आणि पीव्हीसी पाइपात घालून दिला. रंग आत ठेवून गुंडाळला तर थर दाबला जाऊन सुरकुततो. चौकटीवर पुन्हा कसा ताणायचा तेही कागदावर लिहून दिलं.

वर्षभराच्या रंग-कागदाचा खर्च निघून वर पैसे उरले. दासोपंतांच्या समाधीच्या चित्राची मागणी निम्मी रक्कम आगाऊ घेऊन स्वीकारली आहे. पुढच्या मार्गशीर्षात शेजारच्या गावातल्या दोन चित्रकारांनाही माझ्याच खोलीत भिंत देणार आहे.