फ्रेजल व्हर्ब्जची वही : 'इट' कुठे बसतं?

फ्रेजल व्हर्ब्ज म्हणजे क्रियापदाला 'अप', 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडून होणारी इंग्रजी क्रियापदं. त्यांच्या माझ्या वहीत या वेळी शब्द कमी वाढले, पण मांडणी पार बदलली. आधी क्रियापदावार पानं होती : 'गेट', 'टेक', 'पुट'. आता मुख्य गट दोनच. 'इट' हे सर्वनाम दोन शब्दांच्या मधोमध शिरतं ती क्रियापदं एकीकडे, शेवटी बसतं ती दुसरीकडे.

'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर. दिव्याऐवजी सर्वनाम आलं की मात्र 'टर्न इट ऑफ' एवढंच चालतं. 'लुक आफ्टर'चं उलटं : 'लुक आफ्टर हिम', मध्ये कोणी येत नाही. पहिल्यातलं 'ऑफ' क्रियाविशेषणाचं काम करतं, तर 'आफ्टर'ला आपलं नाम किंवा सर्वनाम लगेच पुढे लागतं.

हे मनात पक्कं बसलं ते व्याकरणातल्या एका जुन्या जोडीमुळे : 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. दिसायला सारखी वाक्यं. पण टेकडीसाठी 'रॅन अप इट' म्हणतात आणि बिलासाठी 'रॅन इट अप', म्हणजे बिल वाढवून ठेवलं. 'द हिल अप विच ही रॅन' जुन्या वळणाचं वाटलं तरी चालतं. बिलाच्या बाबतीत ही रचना जमतच नाही. एवढ्या छोट्या जोडीत अख्खा धडा आहे, आणि मला ती फार आवडते.

दुसरी कसोटी कानाची. 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर. मोठ्याने म्हणून बघा. 'ओव्हर', 'आफ्टर' अशा लांब शब्दांवर मात्र एरवीही थोडा जोर येतोच, म्हणून ही कसोटी 'ॲट', 'फॉर'सारख्या छोट्या शब्दांपुरतीच वापरावी. नाम झालं की जोर पहिल्या भागावर येतो : गाडी 'ब्रेक डाउन' होते तेव्हा 'डाउन'वर, 'ब्रेकडाउन' या नामात 'ब्रेक'वर.

तीन शब्दांची क्रियापदं (पुट अप विथ, रन आउट ऑफ) सोपी निघाली, कारण यांत सर्वनाम शेवटीच. अपवाद म्हणून नाही, पण जपायचं ते 'लुक फॉरवर्ड टु'. त्यातलं 'टु' शब्दयोगी आहे, म्हणून 'टु मीटिंग यू'. आपल्याकडच्या पत्रांत 'टु मीट यू' सर्रास दिसतं. तसंच 'कोप अप विथ'. प्रमाण इंग्रजीत फक्त 'कोप विथ'. माझा अंदाज, 'कीप अप विथ'च्या संगतीने ते 'अप' चिकटलं असावं.

'अप'चं पान सगळ्यात समाधानाचं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप : काही शिल्लक न ठेवता काम पुरं करणं. आपण 'खाऊन टाक', 'संपवून टाक' म्हणतो तेव्हा 'टाक' जे करतं, साधारण तेच. हे लक्षात आल्यापासून नवीन 'अप' भेटला की आधी हाच अर्थ लावून बघते.

सॅम्युएल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की परक्यांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण याच रचनांची येते, आणि म्हणून त्याने त्या फार काळजीने टिपल्या. इतक्या थोर माणसाने हेच काम मन लावून केलंय, याचा मला खूप आधार वाटतो.

सध्या अडलेय 'गो ऑफ'पाशी. अलार्म 'गो ऑफ' होतो म्हणजे वाजतो, दिवा होतो म्हणजे विझतो, ब्रिटनमध्ये दूध होतं म्हणजे नासतं. इथे कर्मच नाही, त्यामुळे 'इट'ची कसोटी लागू होत नाही आणि माझ्या दोन्ही गटांत हे बसत नाही. अशा अकर्मकांसाठी तिसरा भाग करावा, की 'ऑफ'च्याच पानावर अर्थांनुसार लावावीत? तुमच्या वह्यांत ती कुठे ठेवलीत, ते जरूर सांगा.