पर्समधली गोळ्यांची पट्टी

"मावशी, एक विचारू? पण फादरांना सांगू नका हं."

प्रश्न नेहमी असाच येतो, चहाच्या टेबलाशी, हातात बिस्किट धरून. आमच्या वसईत लग्न ठरलं की कॅथलिक मुलामुलींना विवाहपूर्व शिबिराला बसावं लागतं. तिथे आरोग्याच्या तासाला मी जाते. मी डॉक्टर नाही, धर्मपंडित तर नाहीच. तेवीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स आहे आणि दोन मुलांची आई. तास चालू असताना सगळे वहीत डोकं घालून बसतात. संपला की एखादी हळूच बाजूला घेते. "मला पीसीओडी आहे, पाळी वेळेवर येतच नाही. डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्यात. त्याच, मूल न होण्याच्या. लग्नानंतरही घेतल्या तर पाप लागतं का?"

नाही लागत. उत्तर एवढंच आहे. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. माझंही झालं नव्हतं. म्हणून आज जरा बैजवार सांगते.

मी चौतीस वर्षांची होते, धाकटा पहिलीत. पाळी आली की दहा-दहा दिवस थांबायची नाही, गाठी पडायच्या. वॉर्डात बायकांना "दिवसाला किती पॅड लागतात ते लिहून ठेवा" म्हणून बजावणारी मी, स्वतःचे मोजायचं कधीच सोडून दिलं होतं. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गडद साडीच नेसायची आणि शेवटच्या बाकावर खाली टॉवेलची घडी घालून बसायची. कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, उठताना आधी मागे वळून बाक बघायचा, मग वेदीकडे. एका रविवारी गुडघे टेकले ते उठताच येईना. शेजारच्या बाईंनी हाताला धरून बाहेर पायरीवर नेऊन बसवलं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८.

सोनोग्राफीत अडेनोमायोसिस निघालं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी बाहेरच्या स्नायूत घुसतात, पिशवी फुगते, दुखते आणि रक्त भळाभळा जातं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने हार्मोनची गोळी घेऊन बघा, नाहीतर पिशवी काढावी लागेल. मग माझ्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघून जरा थांबल्या. "तुमच्यात चालतं ना हे?" मी मान हलवली आणि चिठ्ठी घेतली. चालतं की नाही, मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं.

पट्टी घरी आणली. एकवीस बारीक गोळ्या आणि कुठून कुठे जायचं ते दाखवणारे बाण. अशा शेकडो पट्ट्या मी बायकांच्या हातात ठेवल्या होत्या. सरकारी माला-डी तर डोळे मिटून ओळखेन, २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. (त्या सात गोळ्या ज्याला सुचल्या त्याला बाईच्या अंगातल्या रक्ताची जाण होती, असं मला नेहमी वाटतं.) पण स्वतःच्या पर्समध्ये पट्टी आल्यावर मी ती रुमालात गुंडाळली. नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंना नाही.

शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाला गेले आणि सगळ्यात शेवटी, घाईघाईत, ते बोलून टाकलं. फादरांनी विचारलं, "कशासाठी दिली गोळी?" म्हटलं, "रक्त थांबायला." "मूल नको म्हणून नाही ना?" "नाही." "मग इथे कशाला आणलंस हे? उद्या तापाची गोळी घेतल्याचंही सांगशील." मला हसू आलं आणि रडूही. उठायला लागले तेव्हा जाळीपलीकडून म्हणाले, "बरी झालीस आणि तरीही चालू ठेवावीशी वाटली, तर मात्र ये."

हे शेवटचं वाक्य मी बरोबर घेऊन घरी आले. त्यानंतर वाचायला लागले.

१९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला युखरिस्त परिषदेसाठी आले होते. माझी आजी भाकरी बांधून लोकलने गेली होती आणि गर्दीतून लांबून दिसलेला तो पांढरा ठिपका मरेपर्यंत सांगत होती. त्याच पोपनी २५ जुलै १९६८ रोजी 'हुमाने विते' हे परिपत्रक काढलं. तो काळ आपल्याकडे भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवण्याचा. इकडे सरकार सांगतंय मुलं थांबवा, तिकडे रोमहून सांगितलं जातंय कृत्रिम साधनं नकोत. साध्या माणसाच्या कानावर त्यातून एकच शब्द आला, 'नाही'. तो 'नाही' परिपत्रकाच्या चौदाव्या परिच्छेदात आहे. त्याची जगभर बातमी झाली. पंधरावा परिच्छेद चार ओळींचा आहे, आणि तो बहुतेकांनी वाचलाच नाही. त्यात म्हटलंय की शरीराचा आजार बरा करण्यासाठी जे उपचार आवश्यक आहेत ते चर्च मुळीच निषिद्ध मानत नाही, त्यांच्यामुळे गर्भधारणेत अडथळा येणार हे आधीपासून ठाऊक असलं तरीही. अट एकच, तो अडथळा आणणं हा हेतू नसावा.

हे पॉल सहाव्यांच्या मनात एकाएकी आलेलं नव्हतं. दहा वर्षं आधी, १२ सप्टेंबर १९५८ ला, पोप पायस बाराव्यांनी हेच सांगितलं होतं, तेही कुणापुढे, तर रक्तविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे. ६.८ हिमोग्लोबिनवाल्या बाईला हे वाचून बरं वाटणारच. पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबरला, ते वारले.

पायस बाराव्यांनी आधार घेतला तो दुहेरी परिणामाच्या तत्त्वाचा. म्हणजे चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीचा एक नकोसा परिणामही होणार हे ठाऊक असलं, तरी तो हेतू नसेल तर ती गोष्ट चालू शकते. त्याचं मूळ थेट तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाबद्दल जे लिहिलं त्यात आहे. शिबिरात मी अक्वायनस काढत नाही, केमोथेरपी काढते. केमोने केस जातात, कधी मूल होण्याची शक्यताही जाते. पण टक्कल पडावं म्हणून कोणी केमो घेत नाही. गाठ जावी म्हणून घेतात, आणि गाठ जाते ती औषधाने, केस गळल्यामुळे नाही. माझंही रक्त थांबलं ते गर्भ राहिला नाही म्हणून नव्हे. गोळीने आतलं अस्तर पातळ ठेवलं म्हणून थांबलं. माझा नवरा बोटीवर नोकरीला असता आणि वर्षभर घरी येणार नसता, तरी मी तीच गोळी त्याच वेळेला घेतली असती.

याहून सोपं सांगायचं तर सिस्टरांचं उदाहरण देते. एक सिस्टर आमच्या वॉर्डात याच दुखण्याने होत्या. त्यांनाही हीच गोळी होती. सकाळी मी ती त्यांच्या तळहातावर ठेवायचे, त्या आधी क्रूसाची खूण करायच्या आणि मग पाणी प्यायच्या. त्यांना कोणी विचारलं नाही, पाप की पुण्य. जोगिणींच्या, म्हणजे अशा सिस्टरांच्या, तब्येतीचा हा विषय जुना आहे. इटलीतल्या रामात्सिनी नावाच्या वैद्याने अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय की मठवासिनींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. २०११ च्या अखेरीस मेलबर्नच्या दोन संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असं सुचवलं की अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी करायला जोगिणींना ही गोळी मिळावी. त्यांनी आधार दिला तो त्याच पंधराव्या परिच्छेदाचा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत ही गोळी १९५७ साली बाजारात आली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली १९६० मध्ये. मधल्या तीन वर्षांत कितीतरी बायकांना अचानक पाळीच्या तक्रारी सुरू झाल्या. मी त्यांना हसत नाही, पण पंधरावा परिच्छेद म्हणजे मागचं दार नव्हे, हेही सांगावं लागतं. "मावशी, डॉक्टरांकडून पीसीओडी लिहून आणलं तर झालं ना?" असंही विचारणारी भेटते. तिला मी म्हणते, चिठ्ठी केमिस्टला दाखवायची असते, देवाला नाही.

आणि मग ती गोष्ट, जी सांगताना माझा आवाज बदलतो. माझ्या ओळखीतली एक बाई. लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप अरुंद झाली. दुसरं बाळंतपण कसंबसं पार पडलं. डॉक्टरांनी बजावलं, तिसरं जिवावर बेतेल. तिला इस्ट्रोजेन नसलेली गोळी सुचवली. ती मला म्हणाली, "तुझं चाललं, म्हणजे माझंही चालेल ना? माझाही आजारच आहे."

नाही चालत. पायस बाराव्यांच्या त्याच भाषणात, अगदी पुढच्याच वाक्यांत ते आहे. गर्भाशयाच्या किंवा शरीराच्या आजारावर उपाय म्हणून गोळी घेतली तर ठीक. पण शरीराला न पेलणाऱ्या गरोदरपणापासून वाचवण्यासाठी बीजनिर्मिती थांबवली, तर ते थेट वंध्यत्व आणणं झालं, म्हणून निषिद्ध. कारण तिथे गोळी झडपेला काहीच करत नाही. ती गर्भ रोखते आणि त्या रोखण्यातून जीव वाचवते. चर्च तिला म्हणतं, निसर्गाच्या काळावेळाचा आधार घ्या, गर्भ राहण्याचे दिवस स्रावावरून ओळखायची बिलिंग्ज पद्धत शिका, नवराबायकोने मिळून तक्ता ठेवा.

तर्क मला कळतो. माझ्या गोळीला जी रेघ आत घेते तीच रेघ तिला बाहेर ठेवते, आणि रेघ पुसली तर माझंही उत्तर पुसलं जातं. पण पाठीमागे तीन उशा घेऊन बसल्याशिवाय जिला श्वास घेता येत नाही, तिच्या पलंगाशी बसून हा तर्क मला सांगता आला नाही. तिने आणि तिच्या नवऱ्याने पुढे काय केलं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचा अधिकारही मला नाही. पॉल सहाव्यांनी निर्णय घेण्याआधी जो आयोग काम करत होता, त्यातल्या बहुसंख्यांना हा नियम शिथिल व्हावा असं वाटत होतं. त्या आयोगावर आपल्या मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियसही होते. पोपनी बहुसंख्यांचं ऐकलं नाही. शिबिरात मी हे सगळं सांगते. एखादे फादर मागच्या खुर्चीत चुळबुळ करतात, करू देत.

बाकीचे प्रश्न भरभर. गोळ्या चालू असताना नवराबायकोने दूर राहायचं का? पंधराव्या परिच्छेदात तशी अट कुठेही नाही. गोळीचा परिणाम अगदी सुरुवातीच्या गर्भावरही होऊ शकतो का, यावर डॉक्टरांत आणि धर्मपंडितांत मतभेद आहेत, म्हणून काही जण सबुरीचा सल्ला देतात. ज्यांना ती टोचणी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरशी मोकळेपणी बोलावं. आणि पिशवी काढायची वेळ आली तर? आजारासाठी काढली तर तिलाही हाच न्याय. डिसेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकनने आणखी एक स्पष्ट केलं. पिशवी मूल जगण्याइतकं वाढेपर्यंत सांभाळूच शकणार नाही अशी डॉक्टरांची खात्री असेल, तर ती काढणं म्हणजे नसबंदी नव्हे.

राहिलं माझं. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. मिस्सेला पुन्हा मधल्या बाकावर बसायला लागले, एकदा तर पांढरी साडीही नेसले. आणि मग एका रात्री लक्षात आलं की तारखांची धाकधूक गेली आहे आणि ती गेल्याचं मला बरं वाटतंय. दुसरा परिणाम आवडायला लागला होता. आवडणं म्हणजे हेतू का? फादरांचं वाक्य आठवलं. डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या महिन्यापर्यंत ठीक होतं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा टॉवेलची घडी, पुन्हा शेवटचा बाक. पुन्हा चालू केल्या. या वेळी पापनिवेदनात काही सांगितलं नाही.

मागच्या शिबिरात एका मुलीला हे सगळं सांगून झालं, तर ती म्हणाली, "ते कळलं मावशी. पण सासूबाईंच्या हाताला पट्टी लागली तर काय सांगू?"

माझ्या सासूबाईंच्या हाताला लागली होती. धुवायला कपडे काढताना रुमालातून खाली पडली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. त्यांना वाचता येत होतं. म्हणाल्या, "पाळीवरच्या आहेत ना?" मी हो म्हटलं. त्या तिथेच पाटावर बसल्या. "मला चौथ्यानंतर असंच जायचं," म्हणाल्या. "पडवीत सारवलेल्या जमिनीवर बसून राहायची. पुसायला बरं." मग उठल्या, रुमाल तेवढा बादलीत टाकला आणि पट्टी टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवून गेल्या.