दोन तासांची म्हणून सांगितलेली वाट आणि ४८ वर आलेली शुगर

‘खिंडीपासून मुक्कामापर्यंत सपाट वाट आहे, फार तर दोन तास,’ असं आम्हाला सांगितलं होतं. लागले साडेपाच. अख्खा टप्पा घसाऱ्याचा, एका बाजूला उतार, पाय टाकला की खालची खडी सरकणार. एरवी मी नुसता वैतागून विसरून गेलो असतो. पण त्या दोन तासांच्या भरवशावर माझ्या मावसभावानं सकाळचं इन्सुलिन आणि खाणं ठरवलं होतं. दादाला १८ वर्षं टाइप वन मधुमेह आहे आणि डोंगरात तो माझ्यापेक्षा पक्का आहे. म्हणूनच मी गाफील राहिलो.

पहिला आणि तिसरा दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवसाचं सांगतो.

तिसऱ्या तासाला दादा मागे पडायला लागला. सॅक दे म्हटलं, तर तुटक उत्तर आलं, "तू हो पुढे, माझं मी बघतो." दमला असेल, असं वाटलं. शेवटी वाटाड्यानं त्याची सॅक घेतली आणि तो पुढे निघून गेला. थोड्या वेळानं दादा कमरेच्या पट्ट्याचं बक्कल लावताना दिसला. दोन्ही टोकं हातात, पण एकात एक जाईनात. बोचरा वारा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: याची शुगर उतरली असणार.

ग्लुकोमीटर कमरेच्या पाऊचमध्ये होता. बोट टोचलं, आकडा आला १७१. हायसं वाटलं आणि आम्ही पुन्हा चालायला लागलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. त्याआधी दादानं सगळ्यांसाठी संत्री सोलली होती. तो रस बोटांवर वाळलेला होता आणि मीटरनं ती साखर मोजली होती. वीस मिनिटांनी तो कडेलाच मटकन खाली बसला. बाटलीतल्या पाण्यानं त्याचं बोट धुतलं, कोरडं केलं, पुन्हा टोचलं. ४८.

७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली शुगर लो धरतात, ५४ च्या खाली प्रकरण गंभीर. आणि ग्लुकोजच्या गोळ्या कुठे? सॅकमध्ये, वाटाड्याबरोबर पुढे. माझ्या खिशात चॉकलेट होतं, पण त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, ते अशा वेळी बिनकामाचं. एकाकडचं एनर्जी ड्रिंक निघालं शुगर फ्री. शेवटी चहाच्या सामानातली साखर सापडली. चार चमचे, म्हणजे साधारण १६ ग्रॅम, पाण्यात ढवळून पाजली. आधी त्यानं माझा हात ढकलला. मी ‘घोट घे, दादा’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. वाद घालू नका, त्या क्षणी मेंदूलाच साखर कमी पडत असते.

मग घड्याळ लावून १५ मिनिटं थांबलो. इतकी लांबलचक पंधरा मिनिटं मी आयुष्यात काढलेली नाहीत. ६१. पुन्हा चार चमचे, पुन्हा १५ मिनिटं. ८८. पुढचं जेवण लांब होतं म्हणून त्यानंतर बिस्किटं दिली, आणि तो स्वतः ‘चला’ म्हणाला तरी अर्धा तास उठू दिलं नाही.

तो गिळू शकत होता म्हणून हे जमलं. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, जवळ ग्लुकॅगॉन, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारं औषध, असेल तर ते द्या, मदत बोलवा. ग्लुकॅगॉननंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवरच ठेवा. इन्सुलिन अजिबात टोचू नका. ग्लुकॅगॉन कसं द्यायचं ते निघण्यापूर्वी शिकून घ्या. आम्ही शिकलो नव्हतो, आणि ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं.

मीटर नसेल आणि शंका असेल, तर माणूस शुद्धीत असताना साखर द्या. शुगर जास्त असेल तर तेवढ्यानं फारसं बिघडत नाही, लो असेल तर जीव वाचतो. हाय शुगरचा धोका सावकाश चढतो: खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, खोल जोरजोराचा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. अशा माणसाला पाणी पाजत तडक खाली, हॉस्पिटलमध्ये न्या. विश्रांतीनं ते बरं होत नाही.

त्या टप्प्याला सरळ सहा तास धरा. दोन तास सांगणाऱ्याचं ऐकून इन्सुलिन घेणार असाल, तर जाऊच नका. मोठ्या चालीच्या दिवशी डोस किती कमी करायचा, हे आधी डॉक्टरांशी बोला. ग्लुकोज प्रत्येकाच्या खिशात हवं, सॅकमध्ये नाही. मीटर, स्ट्रिप आणि इन्सुलिन अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत मीटर एरर देतो आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

मुक्कामाला पोचल्यावर सगळे आडवे झाले. पण दिवसभराच्या चालीनंतर स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, म्हणून मी दोनचा गजर लावला होता. टॉर्चच्या उजेडात दादाचं बोट ओल्या रुमालानं पुसलं, कोरडं केलं, टोचलं. ६६. चार गोळ्या त्यानं अर्धवट झोपेतच चघळल्या. पंधरा मिनिटांनी १०४ आल्यावर त्याला बिस्किटं दिली आणि मगच मी स्लीपिंग बॅगची चेन ओढली.