मटेरियलचे कपाट

म्हापसा, शनिवार, रात्र

म्हापशाच्या बाजारातील घड्याळजी भाईंचे दुकान आज कायमचे बंद झाले. भाईंनी दुपारपर्यंत नेहमीसारखे काम केले, एका गिऱ्हाईकाचा पट्टा बदलून दिला, दुसऱ्याच्या घड्याळात सेल घातला, आणि मग डोळ्यावरचे भिंग काढून ठेवत म्हणाले, “आतां पुरो.” पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला थांबण्याचा पूर्ण अधिकार आहे. तरीही मला फार वाईट वाटते आहे, आणि ते नेमके कशाचे वाटते ते आजच लिहून ठेवावेसे वाटले.

दुकान त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमदानीत थाटले होते. तेव्हा भारतात आयातीवर कडक बंधने होती, पण गोव्यात स्विस घड्याळे राजरोस मिळत आणि बोटीवर नोकरीला असलेले तारवटीही ती घेऊन येत. त्यामुळे रोमर, टिटोनी, फेवर ल्युबा ही स्विस नावे म्हापशाभोवतीच्या बार्देश तालुक्यातील साध्या घरांतूनही ठाऊक होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि त्याच वर्षी जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीच्या घड्याळांची सुरुवात झाली. पुढे कित्येक वर्षे भाईंच्या काचेच्या कपाटात वरच्या खणात उरलीसुरली स्विस घड्याळे आणि खालच्या खणात एचएमटीची जनता, पायलट, कांचन अशी मांडणी असे. माझा सगळा संग्रह मुळात त्या दोन खणांतूनच उभा राहिला.

घड्याळांतले मला जे काही कळते, त्यातील बरेचसे भाईंच्या टेबलाशी उभे राहून कळले. जुनी तबकडी खरवडायची, तिच्यावर भडक रंग चढवून कंपनीचे नाव पुन्हा छापायचे आणि घड्याळ अस्सल म्हणून विकायचे, हा धंदा आपल्या देशात जोरात चालतो आणि नवा संग्राहक त्याला हमखास बळी पडतो. भाईंनी एकदा दोन पायलट शेजारी ठेवून मला भिंगातून पाहायला लावले. एका तबकडीवर अक्षरांच्या कडा धारदार होत्या, मिनिटांच्या रेघा एकसारख्या जाडीच्या होत्या, आणि काळ्या रंगावर दमट हवेने बारीक ठिपके उठले होते. दुसरी लांबून चकचकीत दिसत होती, पण जवळून पाहता शाई कडेला पसरलेली आणि तासांच्या खुणा मिनिटांच्या रेघांशी न जुळणाऱ्या. भाईंनी ठिपक्यांची तबकडी पुढे सरकवली आणि म्हणाले, “हिला हात लावायचा नाही.” रंगवलेल्या तबकडीचे घड्याळ त्यांनी कधी विकले नाही, त्यात चार पैसे सहज सुटले असते, हे मला माहीत आहे म्हणून मुद्दाम नोंदवतो.

गोव्याच्या हवेत यांत्रिक घड्याळ टिकवणे सोपे नाही. पावसाळ्यात ओल चावीच्या बाजूने आत शिरते, आधी चावीच्या दांड्याला गंज धरतो, मग स्क्रूंना, आणि तो केसाहून बारीक अशा हेअरस्प्रिंगपर्यंत पोहोचला की घड्याळाची चाल बिघडते. जनताचे बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारे चाक, सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८,००० ठोके देते. दिवसाचे ४,३२,००० होतात. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तीस सेकंदांचा फरक भाईंना पुष्कळ वाटे. ते घड्याळ तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली असे निरनिराळ्या स्थितींत ठेवून चाल पाहत आणि समाधान झाल्याशिवाय परत देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

हे सगळे ज्याच्या जोरावर चाले ते मटेरियलचे, म्हणजे सुट्या भागांचे, कपाट दुकानाच्या मागच्या भिंतीला होते. बाहेरच्या लोकांनी ते क्वचितच पाहिले असेल. लहान लहान खण, त्यांत कागदी पुड्या, पत्र्याच्या चपट्या डब्या, बुचाच्या काचनळ्या. प्रत्येकीवर वडिलांच्या किंवा भाईंच्या अक्षरात यंत्राचा क्रमांक. तबकडीवर नाव कोणतेही असो, कित्येक स्विस घड्याळांच्या आत ए. शिल्ड, एफएचएफ किंवा ईटीए या यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचेच यंत्र असते, त्यामुळे भाई आधी मागचे झाकण उघडत आणि मग कोणत्या खणाकडे वळायचे ते ठरवत. बॅलन्स स्टाफ (बॅलन्स व्हीलचा आस), मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग), चावीचे दांडे, काचा. यांतील बहुतेक वस्तू आज कोणी नव्याने बनवत नाही. सेइकोने १९६९ च्या डिसेंबरात क्वार्ट्झचे, म्हणजे चावीऐवजी सेलवर चालणारे, पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले, आपल्याकडे १९८७ पासून टायटन आले, आणि एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. संग्रहातील घड्याळे चालती राहिली आहेत ती या कपाटामुळे आणि ते वापरणाऱ्या हातांमुळे. मी फक्त ती विकत घेतली आणि जपली.

गेले काही आठवडे भाई आणखी एका कामात गुंतले होते. दुरुस्तीला आलेली आणि कोणी न्यायला न आलेली घड्याळे एका बिस्किटांच्या डब्यात साठली होती, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: हळदोणे, शिवोली, थिवी, कोलवाळ, नाव आणि बिघाड. भाईंनी ती सगळी चालू केली आणि शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्या ओळखीच्या लोकांकरवी एकेका घराचा शोध घेतला. पुष्कळांचे मालक वारले होते, काहींची मुले परदेशी होती. एक बाई वडिलांची जनता घ्यायला आल्या आणि दुरुस्तीचे पैसे विचारू लागल्या, तेव्हा भाईंनी चिठ्ठीवर लिहिलेली जुनीच रक्कम घेतली. काही घड्याळांना अजून वारस मिळालेला नाही. ती घरी नेऊन शोध चालू ठेवणार असे ते म्हणाले.

कपाटाला एका भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. ते मी घ्यावे असे दोघा-तिघा मित्रांनी सुचवले, पण मी मागितले नाही. माझ्याकडे आले असते तर त्या पुड्या मी नीट लावून, काचेआड ठेवून पाहत बसलो असतो, आणि बॅलन्स स्टाफचे मोल तो कुणाच्या घड्याळात बसेल तेव्हाच आहे. सावंतवाडीचा एक तरुण घड्याळजी दोन वर्षे अधूनमधून येऊन भाईंच्या शेजारी बसत होता. कपाट त्याला दिले, तेही हप्त्याने. आज संध्याकाळी टेंपोत चढवण्यापूर्वी भाईंनी त्याला प्रत्येक खण उघडून दाखवला; तो वहीत लिहून घेत होता, मध्येच थांबून विचारत होता, आणि त्याचे प्रश्न चांगले होते.

माझ्या संग्रहातील फेवर ल्युबा सी चीफ या घड्याळाचे तेल सुकले आहे, त्याला आता चावी देत नाही. पावसाळा सरला की ते घेऊन सावंतवाडीला जायचे, आणि भाईंना बरे वाटत असेल तर त्यांनाही गाडीत घालून न्यायचे, असे ठरवले आहे.