‘काय पण चालतंय’वर खेळ सुरू होत नाही: कोल्हापुरातून ऑनलाइन मॉन्स्टरहार्ट्स

मॉन्स्टरहार्ट्स या बोलत बोलत, पात्रं रंगवत खेळायच्या खेळाचं पुस्तक मिळालं, चार खेळाडू मिळाले, शनिवारची रात्रही ठरली. कॉल, फासे, पात्राची माहिती लिहायची कॅरेक्टर शीट, कशानेच अडवलं नाही. अडवलं ते एका फॉर्मने. खेळात काय नको एवढंच विचारणारा फॉर्म, आणि चौघांचंही उत्तर एकच: ‘मला काय पण चालतंय.’ कोणी नवा ग्रुप जमवायचा म्हणून विचारायला आलं की मी अजूनही आधी या फॉर्मबद्दलच बोलते. बाकीचं पुस्तकात नीट लिहिलेलं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅव्हरी आल्डर यांचा हा खेळ पहिल्यांदा २०१२ मध्ये आला. दुसरी आवृत्ती २०१७ ची, आम्ही तीच वापरतो. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या खेळाच्या घराण्यातला हा खेळ. पात्रं शाळेत जाणारी मुलं, पण त्यांतली एक व्हॅम्पायर, एक वेअरवुल्फ, एक चेटकीण. सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे आणि त्यात पात्राच्या हॉट, कोल्ड, व्होलटाइल, डार्क या गुणांपैकी लागेल त्याचा आकडा मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. ६ किंवा कमी आले की सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, काहीतरी वाईट घडवतो आणि खेळाडूच्या खात्यात एक एक्सपिरियन्स पडतो. असे पाच जमले की पात्र नवीन काहीतरी शिकतं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा याच प्रकारचा जुना खेळ खेळून आलेल्यांना इथे पहिला धक्का बसतो. तिथे सगळे मिळून गुहेत शिरतात आणि राक्षसाला मारतात. इथे राक्षस शेजारच्या बाकावर बसलेला असतो आणि तोही खेळाडूच असतो. एकमेकांवर ‘स्ट्रिंग’ कमवायच्या, म्हणजे समोरच्याच्या मनावर थोडा थोडा ताबा, आणि वेळ आली की त्या खर्च करायच्या. एक स्ट्रिंग मोडून समोरच्याला मोहात पाडता येतं, त्याच्यावर ‘रडका’, ‘खोटारडी’ असं लेबल चिकटवता येतं, त्याच्याविरुद्धच्या फाशात एक मिळवता येतो किंवा एक इजा वाढवता येते. चार इजा झाल्या की पात्र मरतं. मरण टाळायचं तर दोनच वाटा: ‘डार्केस्ट सेल्फ’मध्ये, म्हणजे पात्राच्या सगळ्यात वाईट रूपात जायचं, नाहीतर सगळ्यांवरच्या सगळ्या स्ट्रिंग सोडून द्यायच्या. थोडक्यात, या खेळात दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं हेच काम आहे. म्हणून दुखरी जागा कुठली आणि कुठल्या जागेला हात लावायचाच नाही, हे आधी कळायला हवं.

फॉर्ममागची कल्पना जुनी आहे. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली ‘लाइन्स अँड व्हेल्स’ ही पद्धत: काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, काही येतील पण पडद्याआड, म्हणजे ‘घडलं’ एवढं सांगून पुढे जायचं. बहुतेक ठिकाणी यासाठी एक रिकामी चौकट देतात आणि वर लिहितात, ‘तुम्हाला काय नको ते लिहा.’ आमचं घोडं नेमकं त्या रिकाम्या चौकटीत अडलं. चौघंही भयपट पाहणारे, पेठेत वाढलेले. ‘नको’ लिहिणं म्हणजे घाबरणं असा हिशोब. एकाने ‘तू ठरव की’ लिहिलं, एकाने नुसता अंगठा पाठवला. आठवण केली की ‘अगं सांगितलं की, काय पण चालतंय.’ आणि मी खेळ सुरू करत नाही म्हणून ग्रुपवर कुरकुर. ही कुरकुर अजून माझ्या डोक्यात आहे, कारण घाई करणारे तेच होते आणि उत्तर न देणारेही तेच.

उपाय सोपा निघाला. रिकामी चौकट काढून टाकायची आणि यादी द्यायची. प्रत्येक ओळीपुढे तीन पर्याय: ‘नको’, ‘पडद्याआड’, ‘चालेल’. आता ‘नको’वर टिचकी मारायला काही लिहावं लागत नाही आणि कारणही द्यावं लागत नाही. यादी जितकी ठोस तितकी उपयोगी. ‘हिंसा’ असं लिहिलं तर सगळे ‘चालेल’ म्हणतात. ‘कुत्र्या-मांजरांना मारणं’ लिहिलं की दोन ‘नको’ लगेच पडतात. माझ्या यादीत सध्या या ओळी आहेत: प्राण्यांचा छळ, आत्महत्या, घरातली मारहाण, आई-वडिलांपैकी कुणाचं जाणं, दवाखाना आणि आजारपण, शरीरावरून किंवा रंगावरून चिडवणं, जातीवरून बोलणं, परीक्षेतलं अपयश, करणी आणि भानामती, अंगात येणं, देवस्थानं, पूर, आग, बंद जागेत अडकणं, किडे आणि साप.

एक गोष्ट मी यादीत ठेवतच नाही, ती आधीच बंद. पात्रं शाळकरी आहेत. पुस्तकात प्रत्येक स्किनला, म्हणजे व्हॅम्पायर, चेटकीण अशा पात्राच्या प्रकाराला, शारीरिक जवळिकीशी जोडलेला एक नियम आहे, तो आमच्या टेबलावर नाही. खेळणारे सगळे नोकरदार असले तरी नाही. त्याच्या जागी आम्ही ‘गुपित सांगणं’ ठेवलं: एका पात्राने दुसऱ्याला खरंखुरं गुपित सांगितलं की दोघांना एकमेकांवर एकेक स्ट्रिंग. खेळाची धार त्याने जराही कमी होत नाही. उलट दहावीतली मुलं एकमेकांना काय सांगतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं, यावरच अख्खी रात्र जाते.

पुराची ओळ यादीत का आहे ते सांगते. सूत्रधार येऊ घातलेल्या संकटासाठी घड्याळ ठेवतो, भाग भरत जातात आणि शेवटचा भाग भरला की संकट दारात. कोल्हापुरात यासाठी तयार घड्याळ आहे: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात हे आकडे इथे सगळ्यांना तोंडपाठ असतात, त्यामुळे ‘आज ४१’ एवढं म्हटलं तरी टेबल गप्प होतं. मी पूर्ण सीझन त्यावर बेतला होता. यादी गेली आणि पुरापुढे एक ‘नको’ आलं. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांच्या घरात शिरले त्यांना हे वेगळं समजावून द्यायला लागत नाही. ‘काय पण चालतंय’ म्हणणाऱ्या चौघांपैकीच कुणाचं तरी हे उत्तर होतं. कुणाचं, हे मी विचारलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. घड्याळ तेच ठेवलं, फूट काढले आणि त्याजागी स्नेहसंमेलनाला उरलेले दिवस घातले.

फॉर्म करताना ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा आणि तो बंद आहे हे ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून दाखवा. नुसतं ‘निनावी आहे’ म्हटल्यावर विश्वास बसत नाही. स्वतःही फॉर्म भरा, म्हणजे चार खेळाडूंत पाच उत्तरं होतात. आलेल्या उत्तरांतून एकच एकत्र यादी करायची: एकाचंही ‘नको’ असेल तर सगळ्यांसाठी नको. बहुमत चालत नाही. यावर वाद घालणाऱ्याला खेळात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

देवस्थानांच्या ओळीबद्दल अजून थोडं. आपली भुतं या खेळात फार छान बसतात. घोस्ट स्किनला मुंजा: मुंज होऊन लग्नाआधी गेलेला, पिंपळावर राहणारा, वय थांबलेला मुलगा. वर्गात शेवटच्या बाकावर तो कायमच बसलेला आहे, हजेरीत मात्र नाही. इन्फर्नल स्किनमध्ये एक काळी शक्ती तुम्हाला ताकद देते आणि बदल्यात तुमच्यावर स्ट्रिंग कमवते, तिथे खवीस चालतो. विचला, म्हणजे चेटकिणीला, लोकांच्या वस्तू लागतात, त्या स्ट्रिंगसारख्याच मोजतात. आमच्याकडे तिच्या कंपासपेटीत एकीच्या केसांची क्लिप आणि एकाच्या हॉलतिकिटावरून उचकटलेला फोटो होता. क्वीन म्हणजे टोळी बाळगणारी. कोल्हापुरात तिला पेठेच्या फुटबॉल संघाची कॅप्टन केलं की वेगळं काही समजवावं लागत नाही. पण फे, म्हणजे परीसारख्या स्किनला साती आसरा घ्याव्यात असं कुणीतरी हमखास सुचवतं. वचन मोडलं की फे तुमच्यावर स्ट्रिंग घेते, पाण्यातल्या आसरांशी ते जुळतंही. मात्र आसरांची पूजा होते, वेताळाचीही गावोगावी होते. एकासाठी जे भूत, ते दुसऱ्याच्या घरात नैवेद्य दाखवायचं ठाणं असतं. म्हणून पूजलं जाणारं कुठलंही नाव टेबलावर सगळ्यांचं ‘चालेल’ असेल तरच. शंका असेल तर फे तशीच ठेवा, तिला रंकाळ्याच्या काठावर राहू द्या, नाव स्वतःचं द्या.

फॉर्म झाला तरी खेळताना काहीतरी निघतंच. त्यासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड: टेबलावर फुलीचा कागद, त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा. ऑनलाइन कागद नाही, म्हणून सूत्रधाराला खाजगी मेसेजमध्ये नुसती फुली. मी ‘मागे घेतलं, इथून पुढे’ एवढंच बोलते, नाव घेत नाही. इथे अडचण अशी की शीट, नकाशा आणि कॉल उघडे असताना मेसेज दिसत नाही. मोबाइल शेजारी उभा ठेवा आणि फुली फक्त त्यावर मागवा. खेळाडू मोबाइलवरूनच खेळत असतील तर ‘थांब’ हा शब्द ठरवून टाका, तो पात्राच्या तोंडी कधीच येणार नाही.

फॉर्मनंतरचा वर्गाचा नकाशा ही सगळ्यात मजेची पायरी, आणि ती विनासायास होते. स्प्रेडशीटमध्ये पाच आडव्या ओळी, चार उभ्या रांगा आखा, स्क्रीन शेअर करा, खेळाडूंना आपापलं बाक निवडू द्या. मग प्रश्न विचारत रिकामी बाकं भरा: ‘तुझ्या मागे कोण बसतं? ती तुला वही का देत नाही?’ बारा-पंधरा नावं पुरतात, प्रत्येकाला एकच खूण: डबा कुणालाच न देणारा, सगळ्यांची प्रॅक्टिकल लिहिणारी. फक्त पहिली नावं घ्या. आडनाव लावलं की आपल्याकडे जात लगेच ऐकू येते आणि जातीची ओळ यादीत ‘नको’ असेल तर नियम पहिल्याच मिनिटाला मोडतो. शाळाही काल्पनिक ठेवा. भवानी मंडपाच्या मागे, बिंदू चौकाच्या पुढे, एवढा पत्ता पुरे. खरी शाळा घेतली की कुणाचे तरी सर खरे निघतात.

स्ट्रिंगचा हिशोब आवाजी कॉलवर हमखास हरवतो. वेगळं पान करा: उभ्या बाजूला स्ट्रिंग कुणाकडे, आडव्या बाजूला कुणावर. चार पात्रांत बारा घरं होतात, वर्गातल्या बाकीच्यांसाठी पुढे जागा सोडा. आकडा बदलला की ज्याच्याकडे स्ट्रिंग आली त्याने तो स्वतः बदलायचा. सूत्रधाराने सगळं लिहायचं ठरवलं तर बोलणं थांबतं.

पुस्तकाच्या खरेदीत एकच खड्डा आहे, तोही ऐन वेळी. पीडीएफ परदेशी साइटवरून घ्यायची आणि कार्ड नाकारलं जातं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमधून दोन्ही चालू करायचे, मर्यादा पुस्तकाच्या किमतीच्या थोडी वर ठेवायची, खरेदी झाली की परत बंद. पुस्तक फक्त सूत्रधाराला लागतं. खेळाडूंना आपल्या स्किनचं पान आणि मूव्ह्जचा, म्हणजे नियमांत ठरवून दिलेल्या कृतींचा, तक्ता पुरतो. चौघांपेक्षा जास्त खेळाडू घेऊ नका, प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ फार कमी होतो. सत्र अडीच ते तीन तास, मध्ये एकदा दहा मिनिटं सुट्टी. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून वायफायबरोबर मोबाइलचा डेटाही हाताशी असू द्या. फासे घरचे टाकले तरी चालतील, पण आकडा बोलून दाखवायचा, गुण मिळवण्याआधीचा आणि नंतरचा.

पहिला प्रसंग कुठून सुरू करायचा यावर डोकं खाऊ नका. स्ट्रिंगच्या पानावर ज्या दोघांच्या घरांत एकमेकांवर सगळ्यात जास्त आकडे आहेत ते निवडा, त्यांना मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी उभं करा आणि तिसऱ्याला विचारा: ‘तू लांबून बघतोयस, तुला काय ऐकू येतंय?’