माझ्याच तोंडाची झेरॉक्स आणि त्यातून निघालेला राक्षस

स्वतःचं चित्र काढायला घेतलं की माझा हात आपोआप लबाडी करतो, नाक जरा सरळ, हनुवटी जरा बारीक. म्हणून या वेळी पेन्सिल ठेवून दिली आणि तोंडच नेऊन झेरॉक्स मशीनच्या काचेवर टेकवलं. मशीनला कुणाची भीडभाड नसते.

तयारी फार नाही. काच पुसली, चष्मा काढला, चेहरा कोरडा केला, नाहीतर तेलाचा डाग काचेवर राहतो आणि पुढच्या प्रत्येक कॉपीत हजेरी लावतो. डोळे गच्च मिटायचे, तो लाइट इतक्या जवळून भयंकर भगभगीत असतो. श्वास रोखायचा, कारण काचेवर वाफ धरली की तोंडाच्या जागी नुसता ढग येतो. आणि डोक्याचा भार हातांवर घ्यायचा हां, काचेवर नाही.

पहिली कॉपी बाहेर आली आणि मी दचकलेच. काचेला जे टेकलंय तेवढंच लख्ख, नाकाचा शेंडा, ओठ, कपाळाचा थोडा भाग, आणि तिथून जरा मागे गेलं की सगळं अंधारात बुडालेलं. झाकण उघडं असलं की मागून उजेड परत यायला काही नसतंच, त्यामुळे बॅकग्राउंड काळीकुट्ट. कान गायब. नाक चपटं होऊन दोन्ही नाकपुड्या पसरलेल्या. शिवाय हा चेहरा आरशातल्यासारखा उलटा नाही, लोकांना दिसतो तसा, म्हणजे भांग 'चुकीच्या' बाजूला, म्हणून माझाच असून कुणा परक्याचा वाटला.

मग चाळे सुरू. लाइटचा दांडा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने हळूच तोंड सरकवलं तर चेहरा लांबतो, उलट्या दिशेने सरकवलं तर आखडतो. मध्येच थांबलं तर अर्धं तोंड नॉर्मल आणि अर्धं ओघळल्यासारखं, मला तेच सगळ्यात आवडलं. दात विचकून एक वेगळी कॉपी काढली, काचेवर दाबलेले ओठ आणि त्यात दात, हे बघून जेवण जाणार नाही अशी.

पुढे कॉपीची कॉपी, तिची परत कॉपी. दरवेळी मधल्या करड्या छटा गळत जातात आणि शेवटी नुसतं काळं-पांढरं उरतं. त्वचेवरची बारीक छिद्रं खडबडीत ठिपके होतात, कपाळावरच्या आठ्यांच्या भेगा होतात. ए-फोरवरून ए-थ्री करायला १४१% लागतं, पण मी काही तुकडे मुद्दाम २००% वर काढले. झेरॉक्सचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये पहिली कॉपी काढली तेव्हा त्यावर फक्त तारीख आणि जागेचं नाव होतं, बिचाऱ्याला काय माहीत पुढे लोक त्यात नाकं घालतील.

आता खरा उद्योग, कापाकापी. डोळे मिटलेले होते त्यामुळे तिथे काय लावायचं हा प्रश्न होता. बाहेरून आणून डोळे चिकटवायचे नव्हते, नियमच केला होता की जे काही लागेल ते माझ्याच चेहऱ्यातून घ्यायचं. म्हणून मोठ्या केलेल्या नाकपुड्या कापून पापण्यांवर लावल्या. दोन काळी ओली भोकं, कडेला बारीक केस. विश्वास ठेवा, कुठल्याही लाल डोळ्यांपेक्षा वाईट दिसतं ते. दातांच्या पट्ट्या कापून एकाखाली एक अशा घशापर्यंत लावत गेले.

चिकटवलेल्या कागदाची कड कॉपीत रेघ होऊन उमटते. त्यावर उपाय म्हणजे काळ्या भागातल्या कडा मार्करने रंगवायच्या, पांढऱ्या भागात व्हाइटनर, आणि मग सगळ्याची परत एक कॉपी, जरा फिकट सेटिंगवर. जोड दिसेनासे होतात आणि ते तोंड जन्मतःच तसं असावं असं वाटायला लागतं.

शेवटच्या कॉपीवर हाताने काम केलं. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची पूड, त्यामुळे वरून शाईचा पातळ हात मारला तरी पसरत नाही (इंकजेटची कॉपी असेल तर हे करू नका, सगळा चिखल होतो). कटरच्या टोकाने काळ्यात खरवडलं की पांढरे केस निघतात, पॉलिश पेपर घासला की गालांवर खरूज आल्यासारखं टेक्श्चर येतं. जाड कागद असेल तरच घासा, पातळ असला तर भोक पडतं.

ज्यांना दाखवलं त्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, शिंगं का नाहीत? शिंगं मला नाहीत म्हणून नाहीत. कान मात्र आहेत आणि ते या चित्रात आलेच नाहीत, तेव्हा पुढचा राक्षस मान वळवून, एक कान काचेवर दाबून.